मागच्या सीटवरच्या कोंबड्या

हे लिहायचं जवळजवळ राहूनच गेलं होतं. मास्तरांनीच सांगितलं होतं, "काही लिहूबिहू नकोस बाबा, लोक गाडी शिकायला यायचे बंद होतील." मग एक दिवस स्वतःच म्हणाले, "लिही. नाहीतरी येतात कुठं फार."

तर मास्तर गाडी चालवायला शिकवतात. पांढरी छोटी गाडी, टपावर शिकाऊचा लाल बोर्ड, आणि मास्तरांच्या पायाशी एक जास्तीचा ब्रेक. गाडी ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांची, पण शेवटचा विद्यार्थी उतरला की मास्तर ती घरी आणतात आणि अंगणात लावतात. समोरच्याचा पाय चुकला की आपला पाय दाबायचा, हे दिवसभराचं काम. त्यानं माणूस असा काही पिळून निघतो की विचारू नका. घरी आल्यावर खुर्चीत बसले तरी मास्तरांचा उजवा पाय आपला फरशी दाबत असतो. जेवताना बायकोनं पातेलं जरा जोरात पुढं सरकवलं तरी दाबतात. दिवस मावळला की आडवं व्हायचं, यापलीकडं त्यांचं आयुष्याकडं काही मागणं नव्हतं.

त्यात वायरमन शिडीवरून पडला.

वायरमन म्हणजे मास्तरांचा शाळेपासूनचा दोस्त. एकटा राहायचा, सोबतीला पाच कोंबड्या. पाय प्लास्टरमध्ये गेला तशी बहीण त्याला तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या घरी घेऊन गेली. कोंबड्यांना मात्र तिनं दारातूनच नाही म्हटलं.

"तू ने," वायरमन मास्तरांना म्हणाला. "तुझ्याकडं अंगण आहे. त्रास काही नसतो. दिवसभर मोकळ्या फिरू द्यायच्या, संध्याकाळी आत घालून दार लावायचं. झालं."

"एवढंच?"

"एवढंच लेका. तू माणसांना गाडी शिकवतोस, कोंबड्यांचं काय घेऊन बसलास."

वायरमननं एक जुनं लाकडी कपाट आडवं पाडून त्याचं खुराडं केलं होतं. ते काही गाडीत मावेना. टेम्पोवाला म्हणाला, "उद्या आणून टाकतो." कोंबड्या मात्र त्याच संध्याकाळी आणायच्या होत्या, म्हणून मास्तरांनी मागच्या सीटवर जुनी चादर टाकली आणि पाचही जणींना गाडीतूनच घरी आणलं. घरी येईस्तोवर अंधार पडला. खुराडं नाही. मग आजची रात्र गाडीतच झोपू देत, काचा थोड्या खाली ठेवू, असं ठरलं.

टेम्पोवाल्याचा उद्या काही उजाडेना. मास्तर रोज सकाळी चादर धुवायचे, गाडीत सुगंधी फवारा मारायचे आणि शिकवायला जायचे. संध्याकाळी सीटवर मूठभर दाणे टाकून मागचं दार उघडायचे. दोन-तीन दिवसांत दाणेही लागेनासे झाले. दार उघडायचा अवकाश, कोंबड्या ओळीनं चढायच्या. जागाही ठरलेल्या. तांबडी खिडकीशी, काळी तिच्याशेजारी, उघड्या मानेची मधे, आणि दोघी ठिपकेवाल्या पलीकडच्या दाराशी.

"इतकं लवकर तुमच्याकडं अजून कुणी शिकलं नव्हतं," मास्तरांची बायको म्हणाली.

ती टोमणा मारत होती, पण मास्तरांना आतून जरा बरंच वाटलं.

रोज दिवेलागणीला वायरमनचा फोन यायचा. "गेल्या का आत?"

"गेल्या," मास्तर म्हणायचे.

आत म्हणजे कशाच्या आत, ते त्यानं विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही. प्लास्टरमधल्या माणसाला कशाला घोर लावायचा.

शेवटी एकदाचं खुराडं आलं. मास्तरांनी ते भिंतीच्या सावलीत, मागं थोडी जागा सोडून मांडलं, खाली भुसा पसरला, दाणे ठेवले, पाण्याची वाटी ठेवली. सूर्य कलला. कोंबड्या आल्या, खुराड्यातले दाणे खाल्ले, पाणी प्यायल्या, बाहेर आल्या आणि गाडीच्या मागच्या दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या. बसस्टॉपवर माणसं उभी राहतात तशा. बोलत नव्हत्या, पण नाराजी कळत होती.

मास्तरांनी दार उघडलं नाही. "आज नाही. आता तुमचं घर ते," ते खुराड्याकडं बोट दाखवून म्हणाले.

कोंबड्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग दोघी बॉनेटवर चढल्या, दोघी टपावर, आणि तांबडी थेट शिकाऊच्या बोर्डावर. मास्तर एकीला धरून खुराड्यात कोंबायचे, दुसरीच्या मागं धावायचे, तोवर पहिली बाहेर. अंगणात गाडीभोवती किती फेऱ्या झाल्या याचा हिशेब नाही. उजेड होता तोवर त्या चपळ होत्या, आणि उजेड गेला तोवर मास्तर संपले होते. शेवटी त्यांनी हात टेकले आणि घरात जाऊन पडले.

फोन वाजला. "गेल्या का आत?"

खिडकीतून बोर्डावरची तांबडी दिसत होती. "गेल्या," मास्तर म्हणाले.

सकाळी पुढची काच कशी झाली होती ते सांगत नाही. एवढंच सांगतो की वायपर लावल्यावर जास्त वाईट झालं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी खुराड्यात दिवा लावून बघितला. अंधारात कोंबडीला दिसत नाही, उजेड असेल तिकडं जाते, असं बायकोनं कुठंतरी ऐकलं होतं. उजेड बघून शेजारचं मांजर आलं आणि दिव्याखाली ऐसपैस झोपलं. आता तर कोंबड्या खुराड्याच्या वाऱ्यालाही उभ्या राहीनात. काच परत घासायची ताकद मास्तरांच्यात उरली नव्हती. त्यांनी गुपचूप गाडीचं मागचं दार उघडलं. पाचही जणी चढल्या. तांबडीनं चढताना मास्तरांकडं असं पाहिलं, जणू उशीर त्यांच्यामुळंच झाला.

सकाळचा पहिला तास बेकरीवाल्या बाईंचा. बाई दिवसभर भट्टीसमोर उभ्या राहतात, कशाला घाबरत नाहीत, पण स्टिअरिंगला हात लावला की घामाघूम. एकदा टेस्टमध्ये नापास झालेल्या, दुसरी टेस्ट दोन दिवसांवर. त्या दिवशी मात्र झकास चालवत होत्या. चौकात पुढं ट्रक थांबला, बाईंनी ब्रेक दाबला, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"सर, ब्रेक मऊ लागतोय आज."

मास्तरांनी आपला ब्रेक दाबला. गाडी ट्रकच्या अलीकडं थांबली. मग दोघांनी वाकून खाली पाहिलं. मागच्या सीटवरून गडगडत आलेलं अंडं बाईंच्या पायाखाली आलं होतं. पिवळं बुटाला, पांढरं पेडलला.

बाईंनी बोटानं बघितलं. "ताजं आहे," त्या म्हणाल्या. धंद्याची सवय.

"कुणाला सांगू नका," मास्तर म्हणाले.

"मी नाही सांगत. पण सर, वास मला पण येतोय. मला वाटलं तुमचाच आहे, म्हणून बोलले नाही."

हे मास्तरांच्या फार जिव्हारी लागलं. त्या संध्याकाळी त्यांनी गाडी घरी आणलीच नाही. मागच्या गल्लीत लावली आणि चालत आले. गाडीच नसेल तर जातील कुठं, असा सरळ हिशेब.

कोंबड्या गाडी शोधायला निघाल्या.

फाटकाच्या फटीतून एकापाठोपाठ एक बाहेर पडल्या, तांबडी पुढं. समोरच्या दातांच्या डॉक्टरांचीही गाडी पांढरी, आणि ते नुकतेच आपल्या म्हाताऱ्या आत्याला घेऊन आले होते. आत्याबाईंना उतरवायला त्यांनी मागचं दार उघडलं आणि काठी आणायला ते घरात गेले. परत येऊन बघतात तर आत्याबाई मांडीवर पिशवी घेऊन एका कडेला सरकून बसलेल्या, आणि शेजारी पाच कोंबड्या.

"ह्या काही बोलल्या नाहीत," आत्याबाई म्हणाल्या. "पण गर्दी दिसली, म्हणून मी सरकले."

डॉक्टर मोठे सभ्य. त्यांनी मास्तरांचं दार वाजवलं. "मास्तर, तुमच्या कोंबड्यांना कुठं सोडू?"

मास्तरांनी ओशाळून त्यांना सगळं सांगून टाकलं. प्रकरण इथंच मिटलं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच ड्रायव्हिंग स्कूलचे मालक डॉक्टरांकडं दाढ भरायला गेले. डॉक्टरांना काम करताना बोलायची सवय आहे, आणि मालकांचं तोंड उघडं होतं. त्यामुळं सगळी हकीकत त्यांना मधे एक शब्द न बोलता, सुरुवातीपासून शेवटापर्यंत ऐकावी लागली. गाडीतल्या झोपेसकट.

दुपारी मास्तरांना फोन आला. मालकांचा अर्धा गाल अजून बधिर होता, पण अर्थ स्वच्छ कळला. "माझ्या गाडीत कोंबड्या झोपतात म्हणे."

"तसं नाही मालक. म्हणजे, झोपतात तशा, पण..."

"संध्याकाळी येतो मी बघायला. गाडीत कोंबडी दिसली, पीस दिसलं, नुसता वास जरी आला, तरी किल्ली पुतण्याला देणार. तो घरी बसूनच आहे. तुम्ही आराम करा मग."

इतके दिवस मास्तर आरामाच्या नावानं तळमळत होते, पण हा आराम ऐकून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. गाडी गेली तर शिकवायचं कशावर? या वयात दुसरीकडं कोण उभं करणार? त्यांनी मन घट्ट करून वायरमनला फोन लावला. खरं सांगायची तर सोय नव्हती.

"आमच्या शेजारी एक जण आहे," मास्तर म्हणाले. "त्याच्या कोंबड्या संध्याकाळी आत जात नाहीत. तो विचारत होता, काय करायचं?"

"मला काय विचारतोस? तू सांग ना त्याला," वायरमन म्हणाला. "तुझ्या तर पहिल्या दिवसापासनं जातायत."

आपण खणलेल्या खड्ड्याची खोली मास्तरांना तेव्हा कळली. "हो," ते म्हणाले, "सांगतो," आणि फोन ठेवला.

मग ते गाडी परत अंगणात आणून तिथंच बसून विचार करायला लागले. विचार म्हणजे काय, माणूस अडला की आपल्या धंद्याकडंच वळतो. मास्तरांची शिकवायची पद्धत एकच. आधी आपण करून दाखवायचं, मग समोरच्याला करायला सांगायचं. त्यांनी कोंबड्यांना दाणे टाकून खुराड्यासमोर गोळा केलं, गुडघ्यावर बसले, आणि त्या छोट्या दारातून आत शिरायला लागले. डोकं गेलं. एक खांदा गेला. दुसरा खांदाही, जरा तिरका करून, गेला. नंतर पुढं काही जाईना आणि मागंही येईना.

कोंबड्या अर्धगोल करून बघत होत्या.

तेवढ्यात बेकरीवाल्या बाई आल्या. टेस्टच्या आधीचा शेवटचा तास होता. बाहेर बायको दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती.

"सर आहेत का?"

"आहेत."

"कुठं?"

"खुराड्यात."

बाई भिंतीकडं गेल्या. बाहेर राहिलेले दोन पाय त्यांनी बघितले. मग त्या म्हणाल्या, "सर, मी नंतर येऊ का?"

"नको," आतून आवाज आला. "आलाच आहात तर पाय ओढा."

एकीनं एक पाय, दुसरीनं दुसरा, असं ओढून बघितलं. नुसते बूट हातात आले. मग बायकोनं खुराड्याला एक चक्कर मारली आणि कडी काढून मागची अख्खी फळी खाली पाडली. कपाटाचंच दार ते, पुरतं उघडत होतं. मास्तर तसेच पुढं रांगत त्या फळीच्या बाजूनं बाहेर आले. कोपरं सोलली होती, केसात भुसा. ते तिथंच मातीत बसले.

"हे मागनं एवढं उघडतं?" ते म्हणाले.

"तुम्ही विचारलंत कधी कपाटाला," बायको म्हणाली. ती खुराड्याकडं बघत होती, मग गाडीकडं बघितलं. "अहो, त्यांना काही गाडी नकोय. त्यांना ती सीट पाहिजे. बसायची सवय सीटची लागलीय. मग देऊन टाका की सीट."

"मालकांची सीट?"

"मालकांना गाडीत कोंबडी नकोय, पीस नकोय, वास नकोय. सगळं त्या सीटलाच तर आहे."

यात खोट काढायचं त्राण मास्तरांच्यात नव्हतं. बाई म्हणाल्या, "तास राहू दे सर, मी एक टोक धरते." तिघांनी मिळून मागची सीट उचकटली, चादरीसकट आणली आणि फळीच्या बाजूनं खुराड्यात सरकवली. बरोब्बर बसली. मग गाडी आतून साबणानं घासली, पुसली, दारं उघडी टाकून वाळवली. बाई टेस्टचं टेन्शन घेऊन घरी गेल्या.

सूर्य कलला. कोंबड्या रोजच्यासारख्या गाडीपाशी आल्या. दार उघडंच होतं. तांबडीनं आत डोकावलं. आत नुसता पत्रा. तिनं मान बाहेर काढली, परत आत घातली, परत बाहेर काढली. पाचही जणी अंगणात उगाच इकडंतिकडं फिरल्या. मग काळीला खुराड्याच्या दारातून चादरीचं टोक दिसलं. ती गेली. पाठोपाठ उघड्या मानेची, मग ठिपकेवाल्या. सगळ्यात शेवटी तांबडी, आणि तीही खिडकीची जागा नाही म्हणून जरा कुरकुरत. मास्तरांनी दार लावलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते थकव्याचंही असेल.

फाटक वाजलं. मालक आले होते, एक गाल अजून सुजलेला. त्यांनी बॅटरी मारून गाडी बघितली. बॉनेट बघितलं, टप बघितला, आत वाकून नाक लावून हुंगलं. साबणाचा वास. पीस नाही. मालक जवळजवळ नाखूश झाले. मग बॅटरी मागं फिरली आणि तिथंच थांबली.

"मास्तर. सीट?"

खोटं बोलायलाही अंगात जोर लागतो. "तिकडं आहे," मास्तर म्हणाले आणि खुराड्याकडं बोट केलं.

मालकांनी जाऊन फटीतून बघितलं. बराच वेळ बघत राहिले. "उद्या बेकरीवाल्या बाईंची टेस्ट आहे," शेवटी ते म्हणाले. "तपासायला साहेब येतात ते कुठं बसतात?"

"मागं."

"मागं. मग आता असं करा. सकाळी मला सीट गाडीत दिसली पाहिजे आणि कोंबड्या खुराड्यात. याच्या उलट काही दिसलं, तर पुतण्या." आणि गाल धरून ते निघून गेले.

मास्तर खुराड्यासमोर उकिडवे बसले. इतक्या दिवसांनी आज त्या आत गेल्या होत्या, आणि आता त्यांच्या खालून सीट ओढायची. फळी उघडली की बाहेर येणार, गाडीवर चढणार, परत धावपळ, परत काच. पाय दाबायला समोर ब्रेकही नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला.

"गेल्या का आत?"

"गेल्या," मास्तर म्हणाले. आज पहिल्यांदाच ते खरं होतं, पण आवाजात काही जान नव्हती.

"कमाल आहे लेका तुझी," वायरमन म्हणाला. "रोज ऐकतो आणि रोज तोंडात बोट घालतो. माझ्याकडं एकही दिवस आपणहून गेल्या नाहीत त्या."

मास्तरांना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "मग? तू काय करायचास?"

"काय करणार. अंधार पूर्ण पडू द्यायचो. झाडावर असोत, भिंतीवर असोत, अंधार पडला की कोंबडी म्हणजे उशी. हलत नाही, ओरडत नाही. एकेक उचलायची, आत ठेवायची, दार लावायचं. तुला म्हटलं नव्हतं का, आत घालायच्या म्हणून?"

म्हटलं होतं. मास्तरांनी फोन कानाशी खांद्यानं दाबून धरला, मागची फळी उघडली आणि अंधारात हात घातला. ऊबदार पिसं लागली. तांबडी उचलली गेली, घशातल्या घशात काहीतरी म्हणाली आणि भुशावर ठेवल्यावर गप्प झाली. मग काळी. मग बाकीच्या. खरंच उशा होत्या. सीट मोकळी झाली. मास्तरांनी ती ओढून अंगणात काढली, फळी लावली, कडी घातली. पाच मिनिटांचं काम होतं. ते त्या सीटवरच बसले. सोललेली कोपरं आता जास्त चुरचुरायला लागली होती.

"ऐकतोयस ना?" वायरमन बोलतच होता. "रोज वाकून वाकून कंबर गेली रे माझी. म्हणून तर रोज विचारतो तुला. इथं दिवसभर छताकडं बघत पडून असतो, संध्याकाळी तू गेल्या म्हणालास की वाटतं, चला, आपण परत गेल्यावर एक त्रास तरी कमी. ताईला पण सांगितलंय, मास्तरानं कोंबड्यांना वळण लावलंय. पाय बरा झाला की मला शिकवशील ना, कसं केलंस ते?"

मास्तरांनी समोर बघितलं. बायको घासलेल्या गाडीची दारं लावत होती. खरं सांगून टाकावं असं त्यांच्या ओठांवर आलं. मग तिसऱ्या मजल्यावर प्लास्टरमधे पडलेला तो माणूस डोळ्यांपुढं आला, आणि त्यांनी ते गिळलं.

"शिकवतो," मास्तर म्हणाले. "तू चालायला लाग. त्या दिवशी मी स्वतः येतो आणि तुला शिकवून जातो, शब्द आहे माझा. फक्त तोवर तुझ्या ताईला एक सांगून ठेव, घरातला जुना सोफा टाकायचा नाही म्हणावं."